कणगीच्या मागची जागा

पत्र्याच्या डब्याच्या तळाला पेला घासला आणि सगळं घर थबकलं.

सकाळची वेळ होती. मामा, म्हणजे माझे सासरे ढवळू, मधल्या खांबाला टेकून बसले होते. आत्या, माझ्या सासूबाई सकू, चुलीपुढं होत्या. माझा नवरा संदीप ओटीवर बॅगेची चेन ओढत होता आणि ती अर्ध्यावर अडकत होती.  बोलायचं ते एकच होतं, आणि आठवडाभर प्रत्येकानं आपापल्या परीनं ते बोलून झालं होतं. मी पेला पुन्हा फिरवला. खरड, खरड. तळाला मूठभर जुना तांदूळ, तोही किडका.

"संपला," मी म्हणाले.

संदीपचा हात थांबला. मग पुन्हा चेन ओढू लागला.

घरात दाणा नव्हता असं नाही. डब्यापासून चार हातांवर कणगी उभी होती, माझ्या खांद्याएवढी उंच, बांबूची विणलेली, शेणानं लिंपलेली, आणि यंदाच्या भातानं काठोकाठ भरलेली. रेशनचा तांदूळही होता. त्याची पेज मामांना दोन वेळा देत होते मी. पण कणगीला हात लावायचा नव्हता, कारण आमच्या घरात अजून नवं झालं नव्हतं.

नवं करणं म्हणजे फार मोठा थाट नसतो. पहिलं भात गिरणीत न्यायचं नाही, घरीच उखळात कांडायचं. शिजवायचं. मग घरच्या कर्त्या माणसानं पळसाच्या पानांवर वाटे मांडायचे. पहिला कणसरीला, ती दाण्यादाण्यात असते. दुसरा गावदेवाला. तिसरा घरातल्या गेलेल्या जुन्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. मग कर्त्यानं पहिला घास घ्यायचा, की घर जेवायला मोकळं. एवढंच. आमच्या पाड्यावर सगळ्यांचं दिवाळीनंतरच्या आठवड्यात होऊन गेलं होतं.

आमच्या घरी कर्ते मामा. पण ज्येष्ठात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. आता तोंडातून नुसता आवाज येतो, त्याचं नाव होत नाही. आणि नावं घेतल्याशिवाय जुन्यांना कळणार कसं, की हा घास त्यांचा?

म्हणून यंदा संदीपनं मांडायचं होतं. आणि संदीप म्हणत होता, मी मांडणार नाही.

तेवढ्यात शेजारची गोदी विस्तव मागायला आली. तिच्याकडं गॅस आहे, लायटरही आहे. विस्तव म्हणजे निमित्त. कणगीकडं बघत म्हणाली, "काय वो सकूबाय, जव्हारच्या राजवाड्यासारखी नुसती बघाय ठेवली का ही? तिकीट तरी लावा."

"लावते," आत्या म्हणाल्या. "तुला अर्ध्यात सोडीन. रोजचंच येणं आहे तुझं."

गोदी हसली, पण जाताना माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "सोमवारी जातोय ना तो?"

"हो. मुकेशचा टेंपो आहे, वसईच्या कामावर."

"म्हंजे उद्याचा एकच दिवस," ती म्हणाली आणि विस्तव न घेताच गेली.

संदीपविषयी लिहिताना मला आधी हे सांगायला हवं की तो देवाचं करणारा माणूस होता. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. मी मोखाड्याच्या वसतिगृहात राहून बारावी झाले. तिथं रोजची प्रार्थना असायची, ती मी पाठ म्हणायचे आणि विसरून जायचे. हा तसा नव्हता. जीपमधून जाताना रस्त्याकडेला शेंदराचा दगड दिसला की याचा हात कपाळाला जायचा. जीपवाला लक्ष्या चिडवायचा, "अरे, दाभोशाला पोचेस्तोवर तुझा कपाळ झिजेल." संदीप म्हणायचा, "झिजू दे. तू हॉर्न वाजवतोस ना प्रत्येक वळणाला, तसाच आहे हे."

चैती झाली तेव्हा मी दोन दिवस अडले होते. सुटले, पोर रडली, आणि तिसऱ्या दिवशी हा अनवाणी गावदेवापाशी गेला. दुपारभर आलाच नाही. आल्यावर मी विचारलं, "एवढा वेळ काय मागत होतास?"

"मागाय नव्हतो गेलो," तो म्हणाला. "सांगाय गेल्तो. मिळाली म्हणून."

ते मी अजून विसरले नाही. मागण्यासाठी सगळेच जातात. मिळाल्याचं सांगायला दुपारभर कोण बसतं?

मग चार वर्षांनी जिवा झाला. श्रावणात झाला आणि पौषात गेला. पाच महिने.

संदीप तेव्हा जव्हारलाच सेंट्रिंगच्या कामावर होता, संध्याकाळी घरी यायचा. हातपाय धुवायचा, मग साबणानं पुन्हा बोटं धुवायचा, आणि करंगळी जिवाच्या तोंडात घालायचा. जिवा ती हिरड्यांनी चावायचा, लाळ गाळायचा. "हर्षे, आज काय तरी लागतंय बघ. टोक लागतंय." मी म्हणायचे, "तुझ्याच बोटाची खरखर ती. तासून ये आधी." रोज तेच. रोज त्याला टोक लागायचं आणि रोज मी बोट घालून बघितलं की हिरडी मऊ.

पौषात पोराची छाती भरली. जव्हारच्या दवाखान्यात तीन दिवस होतो. तिथल्या सिस्टर, डॉक्टर, सगळ्यांनी जे करायचं ते केलं, मी डोळ्यांनी बघितलंय, कोणाला बोल लावणार नाही. भिंतीवर एक कॅलेंडर होतं, कुठल्या तरी देवाचं चित्र असलेलं. संदीप त्याच्यापुढं उभा होता, तीन दिवस, पाय बदलत. काय बोलला ते मला कधी सांगितलं नाही.

बांधावरच्या मोहाखाली जिवाला ठेवलं. लहान पोराला जाळत नाहीत. पाचव्या दिवशी संदीप म्हणाला, "याचे दिवस करायचे. पान मांडायचं." पाड्यातली चार माणसं ओटीवर बसली होती. सगळ्यांनी मामांकडं बघितलं, कारण रीतीचं काही असलं की मामांनाच विचारतात, आजूबाजूच्या दोन पाड्यांतूनसुद्धा येतात.

मामा जमिनीकडं बघत म्हणाले, "दात नव्हतं त्याला. दात नसलेल्याचा काय नसतो. दिवस नाय, पान नाय. तो माणसांत आला नव्हता अजून."

"मग पाच महिने मी कोणाला खेळवत होतो?" संदीपनं विचारलं.

 मामा उठून गुरांकडं गेले.

त्या दिवसापासून संदीपचा हात कपाळाला गेला नाही. लक्ष्यानंही चिडवायचं सोडलं. गेल्या साली नव्याच्या आदल्या दिवशी त्यानं बॅग भरली आणि वसईला निघून गेला. मामांनी एकट्यानं नवं केलं. आता मामांना जमत नव्हतं, आणि आत्या आठ दिवस याच्या मागं लागल्या होत्या.

"तुझ्या बापाच्या डोळ्यांपुढं अजून किती नवी होतील, सांग," त्या म्हणायच्या. "एकदा बघू दे त्यांना, की पोरगा मांडतो. मग जा कुठं जायचं तिथं."

"ज्यांनी माझ्या पोराचं पान मांडलं नाय, त्यांचं पान मी मांडू?"

"देवानं केलं त्याला बाप काय करील?"

"देवाचं पण तेच. पहिलं पान त्यालाच ना? ज्यानं नेला त्यालाच आधी वाढायचं."

मला दोघांचंही पटायचं, आणि माझी अडचण तीच होती. चैती शाळेतून धावत येताना दिसली की माझे हात आपोआप जुळायला जातात. जुळता जुळता जिवा आठवतो आणि हात मध्येच राहतात. मग मी पदराला हात पुसते. दोन वर्षं माझी पूजा म्हणजे एवढीच, पदराला हात पुसणं.

तो शनिवार होता. पेला खरडून झाल्यावर मला काय वाटलं कोण जाणे, मी शेण कालवलं आणि घर सारवायला काढलं. नवं करायचं तर घर सारवलेलं लागतं. कोणी करणार नव्हतं, पण सारवलेलं असलं तर करायला एक कारण कमी राहील, असं काहीतरी मनात होतं. संदीप लाकडं आणायला गेला होता. आत्या पाण्याला. चैती शाळेत. मामा अंगणात उन्हाला.

लग्न होऊन आठ वर्षं झाली, पण कणगीच्या मागं मी कधी हात घातला नव्हता. भिंत आणि कणगी यांच्यामध्ये हातभर जागा आहे. तिथलं आत्याच बघायच्या. सुनेला कणगीजवळ फार घुटमळू देत नाहीत, मला वाटायचं तसलंच काही असेल. आज मी तिरपी होऊन आत शिरले आणि झाडू घातला. धूळ निघाली, कोंडा, उंदराच्या लेंड्या. आणि पळसाच्या पानांचे दोन द्रोण, काडीनं टोचलेले, वाळून कडक झालेले. शेजारी शेजारी. खाली जुन्या पानांचा चुरा. आत काही नव्हतं, मुंग्यांनी केव्हाच नेलं असेल. मला वाटलं, गेल्या नव्याची उरलेली पानं उंदरांनी ओढून नेली असतील. चूल विझत आली होती. द्रोण चुलीत घातले. चांगले भडकले. मग ती जागा भिंतीपर्यंत गुळगुळीत सारवली आणि बाहेर येऊन कंबर सरळ केली. मला तेव्हा बरं वाटत होतं, हे खोटं नाही.

आत्या हंडा घेऊन आल्या. ओल्या जमिनीवरून नजर फिरवत फिरवत कणगीपर्यंत गेल्या.

"मागं पण सारवलंस?"

"हो."

"तिथं पानं होती?"

"दोन होती. चुलीत घातली."

आत्यांनी हंडा खाली ठेवला. नीट ठेवला, सांडू न देता, आणि तिथंच उंबऱ्यावर बसल्या.

"तेहतीस वरसं मी तिथं झाडलं नाय," त्या म्हणाल्या.

मला काही कळेना. मी हातातलं शेण तसंच धरून उभी.

"संदीपच्या आधी एक झाला होता. वीस दिवस होता. नाव पण ठेवलं नव्हतं." त्या चुलीकडं बघत बोलत होत्या, जसं कालचं बाजाराचं सांगावं. "त्या वर्षी नवं झालं, सगळे जेवाय बसले, आणि हे एकटे कणगीमागं जाऊन आले. मला वाटलं, कणसरीला हात लावून येतात. दोन दिवसांनी मी झाडाय गेले. वाकून बघलं. एवढासा द्रोण, त्यात बोटभर भात."

"मग?"

"मग काय. मी झाडाय सोडलं."

"तुम्ही बोलला नाहीत कधी?"

"काय बोलायचं? त्यांनी सांगलं नाय, मी इचारलं नाय. रीत सांगणारा माणूस. दात नसलेल्याला पान नाय म्हणून चार पाड्यांना सांगणारा. घरात मोडतो हे मी त्यांच्या तोंडावर बोलू?" त्यांनी पदरानं हंड्याचा काठ पुसला. "दर साली एकच असायचा. गेल्या साली मी बघलं तर दोन होते."

मला ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी चुलीकडं बघितलं. पानांचा आकार राखेत अजून तसाच होता, शिरा दिसत होत्या. चुलीतली हवा हलली आणि मोडला.

आमच्या घराला कुडाची भिंत. अंगणात बसलेल्या माणसाला आतलं सगळं ऐकू येतं. काठीचा आवाज आला, मग पाय ओढल्याचा. मामा आत आले. आमच्याकडं न बघता कणगीपाशी गेले, भिंतीला खांदा लावून मागं वाकले. ओली जमीन दिसली असेल. बराच वेळ तसेच वाकून होते.

"मामा, मी जाळली," मी म्हणाले. "मला माहीत नव्हतं."

त्यांनी डावा हात मागच्या मागं हलवला, असू दे म्हटल्यासारखा. पण सरळ होईनात.

संदीप लाकडं घेऊन आला तो याच वेळी. त्याला वाटलं बाप पडतोय. मोळी टाकून धावला, काखेत हात घालून त्यांना बाहेर काढलं. "काय झाला बाबा? काय हवा तिथं?"

मामांच्या तोंडातून आवाज आला. कसलाही शब्द नाही. मग त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं वर केली.

"दोन काय? पाणी?"

मामांनी मान हलवली. पाणी नव्हे. एक बोट मिटलं. उरलेलं बोट स्वतःच्या छातीला लावलं. मग दुसरं उघडलं आणि ते संदीपच्या छातीला लावलं. शर्टाच्या बटणापाशी. आणि मग कणगीच्या मागं दाखवलं.

संदीप माझ्याकडं वळला. मी सांगितलं. फार लांबण लावली नाही. दोन द्रोण होते, एक तुझ्या आधीच्या भावाचा, एक जिवाचा, मामा दर नव्याला ठेवायचे, मी आज चुलीत घातले.

"गेल्या साली?" त्यानं विचारलं. "मी वसईला होतो तेव्हा?"

"हो."

तो बापाकडं बघत राहिला. "मला सांगलंत, त्याचा काय नसतो म्हणून."

मामांचं तोंड हललं. आता अर्धंच हलतं. काय म्हणत होते कोणाला कळणार? उत्तर आत्यांनी दिलं, तेही कोणाकडं न बघता. "चार माणसांत दुसरं काय सांगतील? त्यांच्या वेळी त्यांच्या बापानं सांगलं, तेच सांगलं."

संदीपनं बापाचा हात आपल्या खांद्यावरून काढला, त्यांना खांबाला टेकवून बसवलं, काठी जवळ ठेवली. आणि निघून गेला. मी दारातून बघत होते. वाटलं, रागानं जीपच्या रस्त्याकडं जाईल. तो बांधाकडं गेला. मोहाखाली बसला, पाठ आमच्याकडं.

चैती शाळेतून आली. पहिलीत आहे. वरचा एक दात हलतोय, दिवसभर जीभ तिथंच. "बाबा तिकडं काय करतोय?" तिनं विचारलं.

"बसलाय."

"मी जाऊ?"

मी जा म्हटलं. ती गेली आणि त्याच्या शेजारी बसली. ती बडबड करत असेल, तिचे हात हलताना दिसत होते. तो तिच्या डोक्यावर हात ठेवून बसला होता. एक हात पोरीवर आणि एक जमिनीवर टेकलेला, मोहाच्या मुळाशी. मी भाकरी थापत होते, पण नजर तिकडंच. मला आधी वाटायचं, की उपकार मानायचे आणि रडायचं ही दोन वेगळी कामं आहेत, एक उरकलं की दुसरं. तिथं बसलेल्या माणसाला दोन्ही एकदमच करावं लागत होतं. मामांना तर तेहतीस वर्षं. पुढच्या पानावर कणसरीला म्हणायचं, दिलंस ग बाई, भरभरून दिलंस. आणि मागं जाऊन बोटभर भात ठेवायचा.

दिवेलागणीला दोघं आली. चैतीच्या ओच्यात पळसाची पानं होती.

"मुसळ कुठं आहे?" संदीपनं विचारलं.

"दारामागंच," आत्या म्हणाल्या. "वरसभर तुझ्यासारखंच रुसून उभं आहे."

मामांनी डोळे मिटून घेतले.

रविवारी सकाळी गोदी न बोलावता कांडायला आली. "आज तिकीट नको ना?" म्हणाली आणि पदर खोचला. आम्ही आळीपाळीनं मुसळ घातलं. नव्या तांदळाचा वास घरभर झाला. गोड, दुधासारखा. तो वास आला की जीव आपोआप सुखावतो, कितीही नाही म्हटलं तरी. मी भात शिजवला, उडदाची डाळ केली. आढ्याला टांगलेलं काकडीचं जून तवसं आत्यांनी उतरवून चिरलं.

संदीप आंघोळ करून कणगीपुढं बसला. मामांना शेजारी पाटावर बसवलं. त्यानं पहिलं पान पुढं ओढलं, भाताची मूठ हातात घेतली, आणि थांबला. आम्ही सगळे त्या मुठीकडं बघत होतो. वाफ येत होती, हात भाजत असणार.

"हात जोडायचं मग बघू," तो बापाला म्हणाला. "पान मांडतो."

मामांनी मान हलवली. एवढं चालेल अशी.

त्यानं कणसरीचं पान मांडलं. गावदेवाचं मांडलं. मग जुन्यांचं. नावं घेऊ लागला. दोन आली, तीन आली, आणि चौथं आठवेना. मामांचा घसा नुसता घरघरला. आत्यांना नाव ठाऊक होतं, पण ते त्यांच्या आजेसासऱ्यांचं, ते त्या तोंडानं घेणार कशा?

"अरे, तुझ्या पोरीला हाक मार," त्या चुलीपाशून म्हणाल्या.

"चैती?"

"मी आहे ना इथं," चैती म्हणाली.

"त्यांच्यावरूनच ठेवलं ना तिचं नाव. मी काय बोलू आणखी."

"चैत्या," संदीप म्हणाला, आणि गोदी तोंडाला पदर लावून हसली. मामाही हसले, अर्ध्या तोंडानं. त्या घरात कोणी हसल्याचं मला बऱ्याच दिवसांनी ऐकू आलं.

आता कर्त्यानं पहिला घास घ्यायचा. संदीपनं घास केला आणि बापाच्या तोंडाला लावला. मामांनी तोंड मिटूनच घेतलं. डावा हात वर करून तोच हात त्यांनी संदीपच्या तोंडाकडं वळवला. तू. आता तू. संदीपनं खाल्लं.  मग त्यानं दुसरा घास केला, तो बापानं घेतला.

"आता आम्ही?" चैतीनं विचारलं.

"थांब जरा," संदीप म्हणाला.

त्यानं मागं लपवून ठेवलेले दोन छोटे द्रोण काढले. रात्रीच टोचून ठेवले असावेत. मला दिसलेच नव्हते. गोदीनं ते बघितले, मग आत्यांकडं बघितलं, आणि उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. तिलाही एक गेलेलं आहे, मला माहीत आहे.

एक द्रोण त्यानं बापाच्या पुढ्यात धरला. मामांनी डाव्या हातानं त्यात भात घातला, थोडा सांडला, चैतीनं उचलून परत टाकला.

दुसरा संदीपनं स्वतःच्या मांडीवर घेतला. बोटभर भात घातला. मग करंगळी, तीच करंगळी, भातात घालून तो दाणे चेपू लागला. एकेक दाणा. वर थोडं कोमट पाणी टाकलं, पुन्हा चेपलं. पार मऊ, खिमटासारखं. खाली मान घालून करत होता, लहान पोर मांडीवर असलं की बसतो तसा, गुडघा जरा वर धरून.

मी भिंतीला हात लावून उभी होते. माझे हात त्या दिवशी पदराला गेले नाहीत. जुळले का, तेही मला सांगता येणार नाही.

"बाबा, कुस्करतोस कशाला?" चैतीनं विचारलं.

"जिवासाठी आहे," तो म्हणाला. "त्याला दात नाय ना."

तो उठला आणि तिरपा होऊन कणगीच्या मागं शिरला. द्रोण जमिनीवर टेकल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

चैती त्या हातभर जागेकडं बघत होती. जीभ हलत्या दातावर. मग माझ्याकडं आली, माझा पदर ओढला, आणि मला खाली वाकवून कानाशी विचारलं,

"आये, माझे तर पडाय पण लागले. मग त्याला अजून कसे आले नाय?"